माती कोमट होईपर्यंत

काकडीचं बी पेरून बारा दिवस झाले तरी ट्रेमध्ये काही हालचाल नव्हती. तेराव्या दिवशी न राहवून मी आगकाडीने माती उकरली. बी सापडलं, पण चिमटीत धरताच त्याचं साल पिचलं आणि आतून नुसतं पांढुरकं, वासट पाणी आलं. दुसरं उकरलं, तिसरं उकरलं. आठच्या आठ बिया कुजलेल्या. शेजारच्या ट्रेमध्ये भेंडीचीही तीच गत. पाकिटावरची मुदत अजून दीड वर्ष शिल्लक होती, माती भुसभुशीत होती, पाणी वेळच्या वेळी घातलं होतं. बाहेर छान ऊन पडत होतं, झाडांना पालवी फुटायला लागली होती, दुपारी अंगातला स्वेटर नकोसा वाटत होता. वसंत आला म्हणूनच तर मी पेरलं होतं.

चूक कुठे झाली ते एका साध्या, टोकदार दांड्याच्या तापमापकाने सांगितलं. सकाळी सातला तो बोटाच्या एका पेराएवढा मातीत खुपसला, तर काटा १३ अंश सेल्सियसवर थांबला. दुपारी हवा २६ अंशांपर्यंत जायची आणि मी त्या दुपारच्या हवेवर विसंबून होते. पण रात्रभरात ट्रेमधली मूठभर माती पार गार पडायची आणि दुपारच्या दोन-तीन तासांच्या उन्हात जेमतेम तापते न तापते तोच संध्याकाळ व्हायची. ओल भरपूर, ऊब मात्र नाही, अशा मातीत बी पाणी पिऊन फुगतं, पण कोंब फुटायला लागणारा वेग त्याच्या आत येत नाही. ते तसंच फुगून पडून राहतं आणि मातीतल्या बुरशीला आयतं खाणं मिळतं.

त्यानंतर प्रत्येक बियाण्याला किती ऊब लागते हे मी नीट समजून घेतलं, आणि माझी वसंतातली सगळी बागकाम करण्याची पद्धतच बदलली. काकडीला १५ अंशांच्या मातीत उगवायला साधारण तेरा दिवस लागतात, २० अंशांत सहा, २५ अंशांत चार. भेंडी त्याहून हट्टी: २० अंशांतही अडीच आठवडे घेते, ३० अंशांत मात्र आठवड्याभरात वर येते. टोमॅटो १० अंशांत दीड महिना रेंगाळतो आणि २५ अंशांत सहा दिवसांत उगवतो. मिरचीही गारठ्यात अशीच रेंगाळते. लेट्यूसचं सगळं उलटं आहे. १५ अंशांत ते चार दिवसांत तरारतं आणि माती ३५ अंशांवर गेली की उगवायचंच नाकारतं. पालक, मुळा, मेथी यांनाही थोडी गार माती चालते. म्हणजे एकाच आठवड्यात एकाच गॅलरीत सगळी पाकिटं फोडायची ही माझी हौस मुळातच चुकीची होती. लेट्यूस-मुळ्याला ज्या दिवसांत लावायला हवं, त्या दिवसांत भेंडी-काकडीला हात लावायचा नसतो.

मी मुळा, पालक आणि लेट्यूस लगेच पेरलं आणि बाकीच्यांसाठी थांबायचं ठरवलं. थांबणं जड गेलं, ते इथे लिहायलाच हवं. चार चांगल्या उन्हाच्या दुपारी झाल्या की हात शिवशिवतात. म्हणून मी स्वतःसाठी एक पडताळा ठेवला. टोमॅटोचं निम्मं बी त्याच आठवड्यात १४ अंशांच्या मातीत टाकलं आणि उरलेलं निम्मं तीन आठवड्यांनी, सकाळी सातला माती १९ अंश दाखवायला लागल्यावर. दोन्ही ट्रेवर तारखा लिहिल्या. त्यांचं काय झालं ते पुढे येईलच.

थांबलेल्या दिवसांत करण्यासारखं एक काम म्हणजे बियाण्याची परीक्षा. मागच्या वर्षांची उरलेली पाकिटं माझ्याकडे डबाभर होती. प्रत्येकातल्या दहा बिया ओल्या कागदी रुमालावर ओळीने मांडल्या, रुमाल दुमडून झिपच्या पिशवीत ठेवला, वर नाव लिहिलं आणि पिशव्या फ्रीजच्या डोक्यावर ठेवल्या, तिथे चोवीस तास मंद ऊब असते. चार वर्षांपूर्वीच्या टोमॅटोच्या दहापैकी सात बियांना मोड आले. दुधी आणि भोपळ्याच्या नऊ-नऊ. कांद्याचं बी फक्त दोन वर्षांचं होतं, पण एकही फुटलं नाही. कांद्याचं बी वर्षभरातच दम तोडतं हे तेव्हा पक्कं कळलं. दहात पाचाच्या खाली उगवण आली की मी ते पाकीट टाकून देते, किंवा बी असेल तेवढं दाट पेरते. रुमालातले मोड आलेले दाणेही वाया घालवायचे नाहीत. मोड अर्ध्या सेंटिमीटरचा असतानाच चिमट्याने उचलून, मोड खाली करून मातीत ठेवायचा. उशीर झाला तर मूळ कागदात शिरतं आणि सोडवताना तुटतं.

दुसरं काम कुंड्या भरण्याचं. इथे माझी बऱ्याच वर्षांची एक समजूत मोडली. मी प्रत्येक कुंडीच्या तळाशी दोन-तीन इंच खडे घालायची, निचरा चांगला होतो म्हणून. सगळेच घालतात. एकदा पाणी घालून झाल्यावर कुंडी उलटी करून बघायची वेळ आली तेव्हा दिसलं की खडे कोरडे ठणठणीत आणि त्यांच्या नेमकी वरची माती मात्र चिखल झालेली. हे का होतं ते जाड स्पंजने घरीच बघता येतं. आयताकृती स्पंज पाण्यात पूर्ण भिजवा आणि आडवा धरा. ठिबकायचं थांबलं की तो उभा करा. त्याच स्पंजातून पुन्हा पाणी गळायला लागतं. स्पंजाच्या तळाशी थोडं पाणी नेहमीच अडकून राहतं. स्पंज आडवा असला की तो ओला थर मोठा भाग व्यापतो, उभा असला की छोटा. मातीचं तसंच आहे. बारीक कणांची माती पाणी धरून ठेवते आणि खाली मोठ्या फटींचे खडे आले की पाणी त्या फटींत उतरायला तयार होत नाही, वरच्या मातीतच थबकून राहतं. म्हणजे खडे घालून मी ओला थर वर, मुळांच्या जवळ आणत होते आणि मातीची उंचीही कमी करत होते. आता तळाच्या भोकावर जाळीचा एक तुकडा ठेवते, माती वाहून जाऊ नये एवढ्यापुरता, आणि कुंडी वरपर्यंत मातीनेच भरते.

मिश्रण माझं साधं आहे. एक भाग बागेतली माती, एक भाग पूर्ण कुजलेलं कंपोस्ट किंवा गांडूळखत, एक भाग कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा. कोकोपीट दोन-तीन पाण्यांनी धुऊन घेते, कारण त्यात क्षार असू शकतात आणि कोवळी मुळं ते सोसत नाहीत. कंपोस्ट कुजलं आहे का हे नाकाला कळतं. पावसानंतरच्या जमिनीसारखा वास आला तर तयार. अमोनियाचा झणका आला किंवा हाताला गरम लागलं तर अजून महिनाभर बाजूला. मिश्रण मुठीत दाबावं. मुठीचा गोळा व्हावा आणि बोटाने टोचताच तो फुटावा. शेतकरी ज्याला वाफसा म्हणतात तो हाच: ओल आहे, पण चिखल नाही, आणि कणाकणांत हवा खेळते आहे. कुंडीच्या बाबतीत कंजुषी करून पस्तावले आहे, म्हणून सांगते: टोमॅटोला निदान १५ ते २० लिटरची कुंडी हवीच, मिरचीला १० लिटर पुरते, पालेभाजीला सहा इंच खोली असली की झालं.

मग पेरणी. बी त्याच्या जाडीच्या दुप्पट-तिप्पट खोल, हे एवढं लक्षात ठेवलं की बहुतेक सगळं निभावतं. पिटुनियाचं बी धुळीसारखं असतं आणि त्याला उगवायला उजेड लागतो. ते मातीवर भुरभुरायचं, तळहाताने दाबायचं आणि वर माती टाकायचीच नाही. लेट्यूसलाही उजेड मानवतो. भेंडीचं साल टणक, म्हणून रात्रभर पाण्यात. घेवडा मात्र भिजत ठेवायचा नाही, पाणी पिऊन त्याची डाळ चिरते आणि मातीत सडते. धण्याचा एक दाणा म्हणजे खरं तर दोन बियांची जोडी असते. लाटण्याने हलकेच दाबून ते दोन अर्धुकं वेगळी केली की कोथिंबीर दाट आणि लवकर येते. मुळा आणि गाजर जिथे वाढवायचं तिथेच पेरावं. त्यांची रोपं उचलून दुसरीकडे लावली की मुळाला फाटे फुटतात. झिनिया आणि सूर्यफुलालाही हलवाहलव फारशी रुचत नाही, म्हणून तीही थेट कुंडीत.

टोमॅटो, मिरची, वांगी आणि झेंडू यांची रोपं मी आतल्या खिडकीपाशी वाढवली. पहिल्या खेपेच्या टोमॅटोला उगवायला सोळा दिवस लागले, तेही वीसपैकी अकरा. उगवले ते चार दिवसांतच दोऱ्यासारखे लांबले आणि काचेकडे झुकून आडवे झाले. उजेड कमी पडला की रोप पानं करायचं सोडून नुसती उंची गाठायला बघतं, कारण त्याच्या लेखी वर कुठेतरी सावली संपणार असते. मला वाटत होतं खिडकीत भरपूर ऊन आहे. थंडीत होतंही: सूर्य खाली होता आणि ऊन तिरपं थेट खोलीच्या मध्यापर्यंत यायचं. पण दिवस मोठा होत जातो तसा सूर्य वर चढतो, आणि माझ्या खिडकीवरच्या स्लॅबची सावली रोज थोडी थोडी पुढे सरकत होती. मी फरशीवर खडूने उन्हाच्या कडेची रेघ मारायला लागले. तीन आठवड्यांत ती रेघ दोन फरश्या मागे, खिडकीकडे सरकली. रोपं ठेवली होती तिथे आता दिवसातून जेमतेम दोन तास ऊन होतं आणि भाजी-फुलांना सहा तास तरी हवं. वसंतात बागेची जागा ठरवायची तर अशी रेघ मारून बघाच. आज जिथे ऊन आहे तिथे महिन्याभराने ते असेलच असं नाही, आणि आज सावलीत असलेला कोपरा तेव्हा लख्ख उजळलेला असू शकतो.

रोपं मी अगदी काचेलगत आणली, मागे पांढरा पुठ्ठा उभा केला म्हणजे उजेड परतून मागच्या बाजूलाही मिळेल, आणि ट्रे रोज अर्धा वळता करायला लागले. दिवसातून दोनदा रोपांच्या शेंड्यांवरून तळहात हलकेच फिरवायचा. वाऱ्याने हलल्यासारखं झालं की खोड जाड व्हायला लागतं. या एवढ्याशा गोष्टीने खरंच फरक पडतो, आणि ते करताना तळव्याला लागणारा टोमॅटोच्या पानांचा हिरवट वास दिवसभर हाताला राहतो.

याच दिवसांत रोपकूज आली. संध्याकाळी ठीक असलेली झेंडूची रोपं सकाळी आडवी पडलेली. जवळून बघितलं तर खोड नेमकं मातीला टेकतं तिथे दोरीने आवळल्यासारखं बारीक, तपकिरी झालेलं. वरची पानं मात्र अजून हिरवीगार. त्या रोपाला मग काही करता येत नाही. आई तेव्हा आली होती. तिने ट्रेमध्ये बोट घातलं, मातीकडे बघितलं आणि म्हणाली, "अगं, सकाळी पाणी, संध्याकाळी पाणी. यात तुझी हौस भागते, झाडाची तहान नाही." तिचं बरोबर होतं. वरून शिंपडलेलं पाणी, दाट पेरणी आणि हवा कोंडलेली, बुरशीला यापेक्षा अधिक काय हवं. मी आडवी पडलेली रोपं आजूबाजूच्या मातीसकट काढून टाकली, उरलेल्यांची विरळणी केली. विरळणी करताना रोप उपटायचं नाही, कात्रीने बुडाशी कापायचं, म्हणजे शेजारच्याची मुळं हलत नाहीत. पाणी ट्रेखालच्या ताटलीत घालायला लागले. माती खालून पाणी ओढून घेते. वरची कड ओलसर दिसली की ताटलीतलं उरलेलं ओतून द्यायचं. पुढच्या पाण्याची वेळ ट्रे उचलून ठरवायची. ओला ट्रे आणि सुका ट्रे यांच्या वजनातला फरक हाताला दोन दिवसांत कळतो. त्यानंतर एकही रोप गेलं नाही.

दरम्यान माती तापत होती. वहीत रोजचे आकडे आहेत: १४, १४, १५, एका ढगाळ आठवड्यात पुन्हा १३, मग १६, १७. १९ लागले त्या दिवशी टोमॅटोची दुसरी खेप आणि काकडी पेरली. टोमॅटो आठव्या दिवशी उगवला, वीसपैकी अठरा. काकडी सहाव्या दिवशी सकाळी मान वाकवून मातीबाहेर येत होती, बियाचं टरफल टोपीसारखं डोक्यावर घेऊन. भेंडीसाठी मी आणखी दोन आठवडे थांबले.

रोपांना पहिल्या साध्या जोडीनंतरची चार-पाच खरी पानं आली की बाहेर न्यायची घाई होते, आणि दरवर्षी कुणीतरी मला विचारतं की बाहेर ठेवल्याबरोबर पानं पांढरी का पडली. मीही एकदा पहिल्या खेपेची सहा रोपं सकाळी गच्चीवर ठेवून बाहेर गेले होते. संध्याकाळी आले तर वरच्या पानांवर कागदासारखे पांढरे चट्टे. काचेआड वाढलेल्या पानाला थेट उन्हाची सवय नसते. त्याची त्वचा पातळ असते आणि ते भाजतं. आता मी आठ ते दहा दिवस घेते. पहिल्या दिवशी सावलीत तासभर. मग दोन तास, मग सकाळचं कोवळं ऊन, मग दुपारपर्यंत, आणि शेवटच्या दोन रात्री बाहेरच. या दिवसांत पाणी किंचित कमी. पानं गडद होतात, हाताला जाड लागतात, खोडावर जांभळट छटा येते, तेव्हा रोप तयार झालं असं समजायचं.

पानाच्या खालच्या बाजूची जांभळी छटा मात्र वेगळी गोष्ट आहे. पहिल्या खेपेचे टोमॅटो मी रात्री गार असतानाच कुंडीत लावले होते आणि आठवड्याभरात त्यांची पानं खालून जांभळी झाली, वाढ थांबली. मी खत घालणारच होते. खरं तर मातीत खत होतं. थंड मातीत मुळांना स्फुरद (फॉस्फरस) उचलता येत नव्हतं. असं असताना आणखी खत घातलं असतं तर मुळांना त्रासच झाला असता. रात्री उबदार झाल्यावर नवीन पानं आपोआप हिरवी आली.

टोमॅटोचं रोप लावताना खालची पानं खुडून खोड निम्म्याहून जास्त मातीत पुरते. खोडावर जे बारीक उंचवटे असतात तिथून नवीन मुळं फुटतात. दोऱ्यासारखी लांबलेली रोपंही अशी सावरतात, लांब खोड आडवं चरात ठेवून शेंडा तेवढा वर काढायचा. मिरची-वांग्याला हे करायची गरज नाही, ती ट्रेमध्ये होती तेवढ्याच खोलीवर. आधाराची काठी लावतानाच रोवायची, मागाहून रोवली तर मुळांतून जाते. लागवड संध्याकाळी केली की रोपाला रात्रभर सावरायला वेळ मिळतो.

आता त्या दोन खेपांचं सांगते. पहिली खेप तीन आठवडे आधी पेरलेली, पाच आठवड्यांची होऊन कुंडीत गेलेली. दुसरी खेप मागाहून आली, पण तिला कुठेच थांबावं लागलं नाही. पहिलं फूल पहिल्या खेपेवर आलं, चार दिवसांनी दुसऱ्या खेपेवर. फळ मात्र दोन्हींवर एकाच आठवड्यात पिकलं, आणि दुसऱ्या खेपेच्या झाडांचं खोड माझ्या अंगठ्याएवढं जाड होतं. तीन आठवड्यांची घाई करून मी चार दिवस कमावले होते, तेही फळात नाही, फुलात.

फुलांबद्दल लिहिताना मला दोन गोष्टी आवर्जून सांगायच्या आहेत. एक म्हणजे शेंडा खुडणं. झिनियाचं रोप वीतभर झालं, पानांच्या तीन-चार जोड्या आल्या की मधला शेंडा कापायचा. पहिल्या वर्षी माझा हात धजेना, कारण त्या शेंड्यातच पहिली कळी दिसायला लागली होती. शेवटी आठ रोपांपैकी चारांचे शेंडे खुडले. न खुडलेल्या रोपांना आधी फूल आलं, उंच दांड्यावर एकच. खुडलेल्यांना दहा-बारा दिवस उशीर झाला, पण प्रत्येक पानाच्या बेचक्यातून धुमारा निघाला आणि एकेका रोपावर सात-आठ फुलं एका वेळी डोलायला लागली. झेंडूचंही तसंच. सुकलेलं फूल दांड्यासकट काढत राहिलं की झाड बी धरायच्या नादाला लागत नाही, आणखी कळ्या काढतं. दुसरी गोष्ट, सगळ्याच फुलांना खताचे लाड सोसत नाहीत. कॉसमॉसला मी भाजीसारखंच भरपूर गांडूळखत घातलं होतं. झाड माझ्या खांद्यापर्यंत गेलं, झालरीसारखी हिरवीगार पानं, आणि फुलं किती, तर तीन. उरलेलं बी साध्या, हलक्या मातीत टाकलं, ते गुडघाभर उंचीवरच फुलांनी भरून गेलं.

भाजीच्या कुंड्यांमध्ये फुलांच्या कुंड्या मिसळून ठेवायला मी सुरुवात केली ती काकडीमुळे. वेल छान चढला होता, पिवळी फुलं रोज उमलत होती आणि गळून पडत होती. पहिले आठ-दहा दिवस त्याचं वाईट वाटून घ्यायचं कारण नाही. काकडीवर्गातल्या वेलांवर आधी नर फुलं येतात, बारीक सरळ देठावर. मादी फूल मागून येतं आणि त्याच्या देठाशी बोटभर काकडीची इवली प्रतिकृती असते. पण माझ्या वेलावर मादी फुलं येऊनही ती इवली काकडी पिवळी पडून सुकत होती, कारण परागकण आणून देणारं कुणी फिरकतच नव्हतं. मग मी सकाळी लवकर उठून हे काम हातात घेतलं. ताजं उमललेलं नर फूल तोडायचं, त्याच्या पाकळ्या मागे दुमडायच्या, मधल्या पुंकेसरावर बोट टेकवलं तर पिवळी भुकटी लागायला हवी. ते मादी फुलाच्या मधल्या चिकट, तीन पाळ्यांच्या भागावर सगळीकडून हलकेच फिरवायचं. एकाच बाजूला लागलं तर काकडी एका टोकाला फुगीर आणि दुसरीकडे बारीक, वाकडी होते. फूल एकच दिवस टिकतं, म्हणून दुपारी करू म्हणून चालत नाही. चौथ्या दिवशी ती इवली काकडी खाली झुकली आणि फुगायला लागली. काही जाती परागीभवनाशिवायच फळ धरतात. पाकिटावर तसं लिहिलेलं असेल तर हा खटाटोप नको.

झिनिया आणि कॉसमॉस फुलल्यावर मात्र मला उठावं लागलं नाही. मधमाश्या आल्या, आणि त्यांच्याहून लहान, एकेकट्या फिरणाऱ्या माश्याही. आधी फुलांवर, मग शेजारच्या काकडीवर. एका मादी फुलावर त्यांच्या अनेक खेपा व्हाव्या लागतात, तेव्हा कुठे काकडी सरळ भरते. टोमॅटोला माशीवाचूनही चालतं, त्याचं फूल स्वतःच स्वतःला फळवतं. फक्त ते हलायला हवं. वारा नसेल तेव्हा दुपारच्या सुमारास फुलांच्या घोसामागच्या दांड्यावर मी बोटाने टिचकी मारते.

फुलांबरोबर मावाही आला, झाडाचा रस शोषणारे बारीक किडे. वसंतातल्या लुसलुशीत शेंड्यांवर तो येणारच, आणि नत्र (नायट्रोजन) जास्त झालेल्या झाडावर आधी. मादी नराशिवायच पिल्लं घालते आणि ती पिल्लं आठवड्या-दहा दिवसांत पुन्हा पिल्लं घालायला लागतात, म्हणून काल चार दिसले ते आज चाळीस होतात. मिरचीच्या एका रोपावर मावा बघून मी वाकले तर त्यात काळसर, नारिंगी ठिपक्यांचे, सुसरीच्या पिल्लासारखे लांबट किडेही फिरत होते. हेच खरे शत्रू असं समजून मी ते सगळे वेचून मारले. मग कळलं की ती लेडीबर्ड बीटलची पिल्लं होती. मोठं होईपर्यंत त्यातलं एकेक पिल्लू शेकडो मावा खातं. दोन आठवडे मी त्याची किंमत मोजली. ज्या झाडावर ती पिल्लं मारली त्याच झाडावरचा मावा सर्वांत जास्त फोफावला. तेव्हापासून आधी बघते, मग हात लावते. पानाखाली उभ्या पिवळ्या अंड्यांचा झुबका दिसला तर ते पान तसंच ठेवते. मावा थोडा असेल तर पाण्याच्या जोरदार धारेने झाडून काढते. फारच झाला तर लिटरभर पाण्यात ५ मिली सौम्य द्रवरूप साबण, संध्याकाळी, पानाच्या खालच्या बाजूने, आधी एका पानावर करून बघून. सकाळी साध्या पाण्याने धुऊन टाकायचं. खोडावर मुंग्यांची रांग दिसली तर वर मावा आहे हे न बघताच समजावं. त्या त्याच्या गोड रसासाठी येतात आणि लेडीबर्डना हुसकून लावतात.

दिवस तापायला लागले तसं आच्छादन घातलं, दोन इंच सुकी पानं, खोडापासून थोडं अंतर सोडून. हे आधी घालायचं नाही. गार मातीवर आच्छादन घातलं तर माती गारच राहते. पहिल्या वर्षी मी तेही करून बसले होते. टोमॅटोच्या काही फळांचा बुडखा काळा, चामड्यासारखा झाला तेव्हा अंड्याची टरफलं घाला असं मला सगळ्यांनी सांगितलं. टरफलं मातीत विरघळायला फार वेळ घेतात. दोष कॅल्शियमच्या तुटवड्यापेक्षा माझ्या पाण्याचा होता: दोन दिवस कोरडं, मग एकदम भरपूर. कॅल्शियम पाण्याबरोबरच फळापर्यंत जातं, पाणी अडखळलं की तेही अडखळतं. रोज सकाळी ठरावीक पाणी सुरू केलं आणि पुढचा घोस स्वच्छ आला.

पुढे दुपार ३५ अंशांवर जायला लागली, रात्रीही तापायला लागल्या, तेव्हा टोमॅटोची फुलं फळ न धरताच गळायला लागली. तेव्हा खत, औषध काही करायचं नाही. इतक्या उन्हात परागच काम करेनासे होतात. झाडाला दुपारची सावली दिली, पाणी चालू ठेवलं. लेट्यूस आणि कोथिंबीर तोपर्यंत तुऱ्यावर आलेली. कोथिंबिरीचे पांढरे तुरे मी मुद्दाम तसेच ठेवले, त्यावर बारीक उपयोगी किडे फार येतात. भेंडी मात्र याच उन्हाची वाट बघत होती. सगळ्यांत शेवटी पेरलेली, आणि आता तिच्यावर रोज नवं फिकट पिवळं फूल, आत गडद जांभळा डोळा.

झेंडूची तीन फुलं मी खुडलेली नाहीत. पाकळ्या तपकिरी, खाली देठ अजून हिरवा. देठ सुकला की फूल ओढून आतल्या काळ्या-पांढऱ्या काड्या कागदी पाकिटात भरेन. संकरित जातीचं बी असेल तर पुढचं रोप आईसारखं निघेलच असं नाही, पण ही तीन झाडं साध्या जातीची आहेत. पाकिटावर तारखेच्या शेजारी लिहायचा आकडा आताच वहीतून काढून ठेवला आहे: सकाळी सातला १८ अंश.